वेडाचा प्रवेश

"यंदा वेडाचा प्रवेश नाई," नाकाडे मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे न बघता हार्मोनियमवरची धूळ पुसायला लागले. हार्मोनियमवर धूळ नव्हतीच. सकाळपासून ती वाजत होती.

"कायले नाई?" मी विचारलं.

"लोकायले आता रडगानं नाई पायजे. हासवनारं पायजे."

"सालभरात लोक एवढे बदलले?"

"बदलले." त्यांनी फडक्याची पुन्हा घडी घातली. "तू मावशीचं काम कर. बसल्या जागीच हाये. उभं राहाची गरज नाई. तुले झेपन."

'झेपन' मला झोंबलं. मी म्हटलं, "मास्तर, मी आजारी पडली होती, म्हातारी नाई झाली."

गोदामात तालमीला जमलेली मंडळी एकदम कामाला लागली. कुणी दोरी गुंडाळू लागलं, कुणी पडद्याची घडी मोडून पुन्हा तशीच घातली. ललिता तर तोंडात पान असतानाच पाणी प्यायली. वर्षभर माझ्यासमोर सगळ्यांचं असंच चालायचं. मला बघायला घरी आले तरी त्यांना कामं आठवत.

आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं एकाला एक चिकटून आहेत, आणि गावची मंडळी येऊन नाटक ठरवून जातात. आधी पोस्टरवरची बाई बघतात, मग नाटकाचं नाव विचारतात. नाकाडे मास्तरांच्या पोस्टरवर कित्येक सालं ती बाई मी होते. शालिनी सहारे. अक्षरं लाल, बाजूला माझा रडका चेहरा. रडण्यात माझा हात धरणारी या पट्टीत कुणी नव्हती, हे मी म्हणत नाही, लोक म्हणत.

मास्तर लिहायचे, बसवायचे आणि एखादं कामही स्वतः करायचे. आदल्या वर्षीचं नाटक होतं 'दार लावलं माहेरानं'. सासरनं हाकलून दिलेली बहीण वेडी होऊन भावाच्या दारात येते, आणि बायकोच्या धाकातला भाऊ म्हणतो, "कोण ही बाई? मी हिला ओळखत नाही." बहीण मी, भाऊ मास्तर, आणि वहिनी ललिता. बहिणीचा तो शेवटचा प्रवेश म्हणजे वेडाचा प्रवेश. सगळं नाटक त्याच्यावर उभं होतं, आणि यंदा तेच नाटक मास्तर तो प्रवेश काढून करणार होते.

तालमी राइस मिलच्या रिकाम्या गोदामात चालायच्या. मागची भिंत संपली की धानाची शेतं, आमच्या बांध्या, त्यात पाणी, पाण्यात बगळे. पलीकडे डुकरांचा कळप कायम लोळत असायचा. दिवस कलला की डास असे यायचे, की रडण्याच्या प्रवेशातही माझा एक हात पोटऱ्या खाजवत असायचा. मास्तर ओरडायचे, "शालू, टाकलेली बाई खाजवत नाई!" आम्ही हसायचो. डास चावतो, खाजतं, जातं. त्यात काय एवढं?

दसऱ्यानंतर मला ताप आला. डोकं दुखत होतं, उलटी झाली. मी मेडिकलमधून गोळी आणली आणि कुणाला काही बोलले नाही. तोंडावर सीझन, आणि ललिता माझ्या कामावर डोळा ठेवून. ताप लपवून मी तालमीला निघाले, एवढं मला लख्ख आठवतं. गोदामाच्या दारात चपला काढल्या, तेही आठवतं. त्यापुढचं काही आठवत नाही.

शुद्धीवर आले ती नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात. नाकात नळी, आणि उजवा हात माझ्या शेजारी दुसऱ्याचा असल्यासारखा पडलेला. पायथ्याशी माय बसली होती. मला 'माय' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं 'पायली'.

एक तरुण डॉक्टरीण होती, तिनं मायला समजावून सांगितलं. जपानी मेंदूज्वर. माय म्हणाली, "आमच्या घरचं कोनी जपानले गेलं नाई वो बाई." डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, नाव तेवढं जपानचं, आजार इथलाच. त्याचा विषाणू डुकरांच्या आणि बगळ्यांच्या रक्तात असतो, धानाच्या पाण्यात वाढणारे डास तो माणसात आणतात. शेकडो लोकांना चावतात, त्यांना कळतही नाही. एखाद्याच्या मात्र मेंदूत चढतो. मग माणूस बरळतो, अंग थरथरतं, चेहरा दगडासारखा होतो, झटके येतात.

"अन् औषद?" मायनं विचारलं.

"या तापावर औषध नाही. झटके लवकर थांबवले तर मेंदूचं नुकसान कमी होतं. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित..." ती एवढं बोलली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

तिनं अर्धवट सोडलेलं ते वाक्य मायनं उचललं आणि वडशाला घरी आणलं. त्यानंतर वर्षभर आम्ही तिघी घरात राहिलो, मी, माय आणि ते वाक्य.

"सांगाचं होतं ना. तोंड नव्हतं तुले?" मला भरवताना माय म्हणायची. माझी वेणी घालताना म्हणायची. तिनं मला लहान लेकरासारखं पुन्हा बोलायला शिकवलं. चमचा दाखवायची, मी 'कंगवा' म्हणायचे. ती म्हणायची, "चमचा. चमचा म्हन. तवा मूग गिळून बसली, आता बोल." तिचं धान कापायचं राहिलं, तिच्या गुडघ्यांचं वाटोळं झालं. शेजारणी बघायला यायच्या, तर त्यांच्यासमोरही तेच. "अवो, एक शब्द बोलली असती तर असं झालं नसतं. पन नाई. नाटक मोठं, जीव लहान."

मी ऐकून घ्यायचे. खोटं काय होतं त्यात? ताप मीच लपवला होता. माझ्यापायी कंपनीचा सीझन बुडाला, ठरलेल्या गावांनी दुसऱ्या कंपन्या बघितल्या, माझी माय साठी उलटल्यावर पुन्हा लेकराची आई झाली. मी स्वतःला इतकं दोषी धरत होते, की मायनं चार शब्द कमी ऐकवले असते तर मीच तिला आठवण करून दिली असती.

आणि मास्तर! त्यांनी मला जीपमध्ये घालून नागपूरला नेलं होतं. दवाखान्याच्या बाकड्यावर ते दिवसचे दिवस बसून होते. नंतरही घरी यायचे, येताना तांदूळ आणायचे, अंगणातल्या खाटेवर बसायचे. माय त्यांना देवमाणूस म्हणायची. माझ्याकडे मात्र ते बघायचे नाहीत. मला वाटायचं, रागावलेत. रागावणारच. त्या होळीला ते आले तेव्हा मी कसंबसं एकेक शब्द जुळवून म्हटलं, "मास्तर, मी सांगाले पायजे होतं. माफ करा मले."

मायनं मान डोलावली. मास्तर चहा तसाच टाकून उठून गेले.

आणि वर्षानं मी पुन्हा त्या गोदामात उभी होते. एक पाय ओढत चालत होते, उजव्या हाताची पकड नव्हती, पण बोलणं बरंचसं आलं होतं. जुनी वाक्यं तर घडाघडा यायची. घरात मीठ मागायला शब्द सापडायचा नाही, पण 'दादा, आपल्या आईच्या हाताची भाकरी एकाच तव्यावरची होती रे' हे झोपेतही म्हणता यायचं. डोक्याचं काही सांगता येत नाही.

त्या दिवशी मला दारापर्यंत सोडायला ललिता आली.

"मावशीचं काम कर ना, शालू. आराम पडन तुले."

"ललिते, त्या दिवशी मी काय केलं होतं?"

"कोनत्या दिवशी?" तिनं विचारलं, जणू दिवस पुष्कळ होते.

"तूच तर सांगते सगळ्यायले, अंगावर काटा आला होता म्हून."

"आला होता. खोटं कायले बोलू? तशी वेडी या झाडीत कोनी केली नाई. मास्तर सोता टाळ्या वाजवत होते. मंग तू पडली. आमाले वाटलं, पडनंबी नाटकातलंच हाये."

"पन केलं काय मी?"

"मले नाई आठवत," ललिता म्हणाली आणि पान थुंकायला गेली. गावातल्या प्रत्येकाच्या लग्नात कुणी कुठली साडी नेसली होती ते आठवणारी बाई ही.

आता माझ्या मनात काय होतं ते सांगते, हसायचं तर हसा. मला हेवा वाटत होता. माझ्या हातून एकदाच असं काम झालं, की नाकाडे मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. कौतुक करायला त्यांची जीभ रेटत नसे, मग टाळ्या तर दूरच. आणि ते काम मी सोडून सगळ्यांनी बघितलं. आजार होता तो, हे मला कळत होतं. तरी वाटायचं, त्यात माझंही काही असेल की. ते परत मिळालं तर मी मावशी नाही, पुन्हा पोस्टरवरची बाई.

चार-पाच दिवसांनी भर दुपारी मंडळी जेवायला गेली असताना मी मास्तरांना गाठलं. ते एकटेच पडद्याच्या बांबूला टेकून बसले होते.

"मास्तर, मले शिकवा."

"काय?"

"वेडाचा प्रवेश. मी त्या दिवशी केला तसा. मले माईत नाई मी काय केलं, तुमाले माईत हाये. करून दाखवा."

करून दाखवणं ही मास्तरांची रीत होती. बायकांची कामं ते तोंडानं समजावत नसत. खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घ्यायचे, आणि तो मिशीवाला, पोट सुटलेला माणूस बघता बघता सासुरवाशीण व्हायचा. मी जे काही शिकले ते त्या दुपट्ट्याकडे बघून शिकले. दुसऱ्याची नक्कल करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि एकदा सुरू झाली की ती त्यांना अर्ध्यावर सोडता यायची नाही. चहावाल्याची नक्कल करायला लागले तर पैसे परत देईपर्यंत करायचे.

"थे शिकवता येत नाई," ते म्हणाले.

"आजवर सगळं आलं, हेच कसं येत नाई?"

"शालू, हट्ट नको करू."

"माहा सीझन गेला, हात गेला, बोलनं गेलं. एक चांगलं काम केलं म्हनता, थेबी माह्याजवळ नाई. तुमच्याजवळ हाये. द्या ना मले."

त्यांनी दाराकडे बघून कुणी येत नाही याची खात्री केली. मग उठले. त्यांनी दुपट्टा डोक्यावर घेतला.

आधी ते नुसते उभे राहिले. चेहऱ्यावरचं सगळं पुसून गेलं होतं. मग उजव्या हाताची बोटं दुपट्ट्याचा काठ खुडायला लागली, खुडतच राहिली. दारातून ऊन येत होतं, तिकडे त्यांनी बघितलं आणि मार बसल्यासारखी मान फिरवली. दोन पावलं टाकली ती बांबूवर जाऊन आदळली. बांबूची त्यांनी माफी मागितली. मग हसले. ते माझं हसणं होतं, फक्त मी तसं कधी हसल्याचं मला माहीत नव्हतं. वाक्यातला एक शब्द म्हणायचे, दुसरा विसरायचे, पुन्हा पहिला म्हणायचे. बोटं थरथरत होती, आता कोपरापासून थरथरत होती. डोकं दोन्ही हातांत धरून ते माझ्यासमोर आले, आणि माझ्या आवाजात म्हणाले,

"मास्तर, मले दवाखान्यात न्या. डोकं फुटून राह्यलं."

आणि थांबले. नक्कल अर्ध्यावर सोडताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

बाहेर मिलचं मशीन चालू होतं. मी म्हटलं, "हे वाक्य नाटकात नाई."

"नाई."

"नाटकात तर भाऊ हाये. मास्तर कुठून आला?"

त्यांनी दुपट्टा डोक्यावरून काढला. खाली बसले. मी उभीच होते.

"पयल्या खेपेला तू एवढंच म्हटलं, मले दवाखान्यात न्या. मले वाटलं, मनानं घातलं. मी म्हटलं, वा, हे वाक्य ठेव. पुन्हा घे."

"मंग?"

"मंग तू म्हटलं, मास्तर, मले दवाखान्यात न्या." त्यांचा आवाज उतरत चालला होता. "मी तुले थांबवलं. म्हटलं, शालू, मास्तर नाई, भाऊ म्हन. इथं मी तुया भाऊ हावो."

"अन् मी?"

"तू ऐकलं. तुले मी जे सांगितलं थे तू आयुष्यभर ऐकलं. तू म्हटलं, भाऊ, मले दवाखान्यात न्या. आमी समद्यायनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू होत्या अन् तू पडली. पडल्यावरबी आमी वाजवतच होतो."

मला वाटलं होतं, मी रडेन. रडू आलं नाही. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला, आणि तो दगड माझा नव्हताच हे कळल्यावर जो संताप आला, तो मला झेपेना.

"म्हंजे मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"सांगितलं होतं."

"होळीले मी तुमची माफी मागितली, मास्तर."

"हो."

"अन् तुमी चहा टाकून गेले."

"हो." त्यांनी तोंड दुपट्ट्यात घातलं. "आधी आनलं असतं तर म्हून थे डॉक्टरीन बोलली ना, तवापासून मी झोपलो नाई, बाई. कोनाले सांगू? तुया मायच्या हातचा चहा पेतो अन् देवमानूस म्हनवून घेतो."

मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा आणखी राग आला. मी म्हटलं, "मले नका सांगू. मायले सांगा."

"सांगतो."

"ती सालभर मले बोलून राह्यली."

"सांगतो, शालू. उद्याच येतो."

ते आले. तांदूळ घेऊन आले. खाटेवर बसले, यंदाच्या धानावर बोलले, मायच्या गुडघ्याला कुठलं तेल चोळावं ते सांगितलं आणि गेले. पुन्हा आले, पुन्हा तेच. मी दाराच्या आडून बघत होते. त्यांचं तोंड उघडायचं, माय म्हणायची, "घ्या ना मास्तर, आजून थोडा चहा," आणि ते मिटायचं.

शेवटी मीच मायला म्हटलं. ती भाकरी थापत होती.

"माय, मी त्या दिवशी सांगितलं होतं म्हने. दवाखान्यात न्या म्हून."

"कोन म्हनते?"

"मास्तर."

तिनं थापणं थांबवलं नाही. "तुले दोन दिवसामागचं आठवत नाई, अन् हे आठवलं? ज्या मानसानं तुले मरनाच्या दारातून आनलं त्याच्यावर ढकलते? लाज नाई वाटत?" भाकरी तव्यावर पडली. "सोताची चूक सोताजवळ ठेवाव, शालू."

बोलून उपयोग नव्हता. मायच्या घरात मास्तरांच्या शब्दाला वजन होतं आणि माझ्या शब्दाला चमच्याएवढंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मंडळीसमोरच मास्तरांना म्हटलं, "वेडाचा प्रवेश परत घ्या. मावशी दुसरं कोनी करन."

"शालू..."

"अन् त्यात थे वाक्य ठेवा. ठेव म्हून तुमीच म्हटलं होतं."

ललितानं मान खाली घातली. तिलाही आठवत होतं तर. सगळ्यांनाच आठवत होतं. मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला, पण ते नाही म्हणाले नाहीत. आता कोणत्या तोंडानं म्हणणार?

रंगीत तालमीला आमच्याकडे नारळ फोडतात आणि शेजारपाजारच्यांना बोलावतात. पडदे लावलेले, सगळे मेकअपमध्ये, भर दुपारी. माय कधी येत नसे. नाटकवाल्यांच्या गोदामात तिनं उभ्या जन्मात पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी मी तिला म्हटलं, "मले एका हातानं निऱ्या घालता येत नाई. तू चाल." ती कुरकुरत आली. माझ्या निऱ्या घातल्या, पदर खोचला, आणि निघून जाण्याऐवजी बायकांत जाऊन पुढं बसली. एवढं नेसवलं तर बघावं तरी, असं तिला वाटलं असावं.

नाटक चाललं. पहिल्या अंकात बायकांनी डोळे पुसले, दुसऱ्यात विनोदी नटानं त्यांना हसवलं. मला बसून वाक्यं म्हणायची सोय मास्तरांनी करून दिली होती. मग वेडाचा प्रवेश आला, आणि त्यात बसून चालणार नव्हतं.

मी पाय ओढत आले. तो ओढण्याचा अभिनय करावा लागला नाही. बोटांनी पदराचा काठ खुडला, बांबूवर आदळले, बांबूची माफी मागितली. मास्तरांनी शिकवलं होतं तसंच सगळं केलं. भावाच्या दारात ललिता वहिनी होऊन उभी होती, तिच्या शेजारी फेटा बांधलेले मास्तर. मी त्यांच्यासमोर गेले आणि म्हटलं,

"भाऊ, मले दवाखान्यात न्या."

इथं त्यांचं वाक्य होतं. 'कोण ही बाई? मी हिला ओळखत नाही.' ते त्यांनी म्हटलं नाही. ललितानं पदर तोंडाला लावला.

थोडं थांबून मी पुन्हा म्हटलं. "मास्तर, मले दवाखान्यात न्या. डोकं फुटून राह्यलं."

मग पुढच्या ओळीतून आवाज आला.

"अवो मास्तर!" माय उठून उभी राहिली होती. "पोट्टी थरथर कापून राह्यली, दवाखान्यात न्या म्हनते, अन् तुमी खांबासारखे उभे? न्या ना तिले कोनी!"

लोक हसले. म्हातारीला नाटक खरं वाटलं, असं समजून हसले. शेजारणीनं तिचा पदर ओढला, "बस व देवकाबाई, खेळ हाये." माय बसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती चिडलेली होती, मला भरवताना चिडायची तशी.

मास्तरांनी फेटा काढला. तो हातात धरून ते पुढं आले, मायच्या समोर, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, मागच्या सालीबी ती असंच म्हनली होती. याच जाग्यावर. एकदा नाई, तीनदा. मले वाटलं, नाटक करते. मी नेलं नाई. मी टाळ्या वाजवल्या."

मायनं त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही त्यांना धरून झोडते. पण तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू सांगितलं होतं?"

"हो, माय."

"तोंडानं बोलून सांगितलं होतं?"

"हो."

ती तिथंच, बायकांच्या मधोमध मटकन खाली बसली. वर्षभर माझ्याशी बोलणारा तिचा तो मोठा, खणखणीत आवाज कुठंतरी गेला. जो उरला होता तो ऐकायला मला खाली वाकावं लागलं.

"मंग मी सालभर कोनावर ओरडली व, शालू?"